डाव्या कानावरची बट

माझा धंदा केसांचा आहे आणि माझे स्वतःचे केस मात्र मानेच्या वरच संपतात. नवीन गिऱ्हाईक खुर्चीत टेकतं न टेकतं तोच विचारतं, "तुमचे एवढे छोटे कसे हो?" मी म्हणते, "मिठाईवाला कधी मिठाई खाताना पाहिलाय का?" बाई हसते, मी तिच्या गळ्याभोवती कापड बांधते आणि विषय तिथंच संपतो.

खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि अगदी परवापर्यंत मी ते अभिमानानं सांगत होते. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. माझे केस कमरेपर्यंत आलेले, आईनं कौतुकानं वाढवलेले. ती गेल्यावर पहिल्यांदा शाळेत जायची वेळ आली तेव्हा मी कंगवा आणि लाल रिबीन घेऊन बाबांच्या पुढ्यात पाठ करून बसले. बाबा कारखान्यात लेथवर काम करायचे, तेव्हा रजेवर होते. त्यांनी माझे केस हातात घेतले, बराच वेळ नुसते धरून ठेवले आणि म्हणाले, "बाळा, ही लेथवरची बोटं. यांना वेणी कुठली जमणार?" मग ते उठले आणि कात्री घेऊन आले. केस जमिनीवर पडत होते आणि बाबा मागून सारखं "झालं हं, झालं" म्हणत होते. माझी आजी, म्हणजे आईची आई, समोरच्या पलंगावर बसून डोळे पुसत होती.

त्यानंतर दर महिन्याला बाबांनीच माझे केस कापले. डाव्या हाताची दोन बोटं मानेवर आडवी ठेवायची आणि त्या मापानं कात्री चालवायची. माझं लग्न ठरेपर्यंत हे चालू होतं. मी रुसायचे, वर्गातल्या मुली मला "ए मुला" म्हणून हाक मारायच्या, तरी मनातून मला आमच्या दोघांच्या त्या कार्यक्रमाचा तोरा होता. बाकीच्यांच्या आया होत्या. माझा बाप होता, अख्खाच्या अख्खा माझा.

कारण बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, हे वाक्य उठता-बसता ऐकवायची. "तुझ्यासाठी केलं नाही हो त्यानं. ऐन उमेदीत होता. स्थळं चालून येत होती. पण नाही म्हणजे नाही. माझ्या पोरीला सावत्रपण नको म्हणाला." मी हट्ट केला की हे वाक्य. मी परीक्षेत गटांगळी खाल्ली की हे वाक्य. माझ्या लग्नातही मी रडायला लागले तर आत्यानं हेच वाक्य काढलं. आणि मीही त्या वाक्यावर जगले, खोटं कशाला सांगू. बाबा आपल्याजवळ राहणार या एकाच अटीवर मी लग्न केलं. नवऱ्याला बाहेरगावी चांगली नोकरी चालून आली तेव्हा मी म्हटलं, "तू जा, मी बाबांना सोडून यायची नाही." तो बिचारा गेला नाही. मला कधी त्याचं काही वाटलं नाही. ज्या माणसानं माझ्यापायी सगळं सोडलं त्याला मी कशी सोडू?

आता बाबांना नावं राहत नाहीत. आधी गल्लीची गेली, मग शेजाऱ्यांची, मग माझ्या नवऱ्याचं, मग माझं. नळाला ते "ते पाण्याचं" म्हणतात आणि मला "बाई". आमचं घर दुकानाच्या मागेच आहे, त्यामुळे दिवसभर मी त्यांना दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवते आणि धुतलेल्या टॉवेलांचा ढीग पुढ्यात ठेवते. ते घड्या घालत बसतात. सुरेख घालतात, कोपऱ्याला कोपरा. कुणी आत आलं की अदबीनं म्हणतात, "बसा, नंबर येईल." गिऱ्हाइकांना वाटतं मी मदतनीस ठेवलाय.

त्या दिवशी सकाळी एक बाई केस रंगवायला लवकर आली होती. माझे दोन्ही हात रंगात. माझी मुलगी शाळेच्या कपड्यांत, केस मोकळे सोडून, दुकानभर नाचत होती. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी उभी राहील तर शपथ.

"आई, वेणी! गाडी येईल आता!"

"दिसत नाही का माझे हात? जा, तुझ्या बाबाकडून घालून घे."

"बाबा अंघोळीला गेलाय." मग ती हसली आणि पायाशी ठेवायचं बुटकं स्टूल ओढून आजोबांच्या पुढ्यात पाठ करून बसली. "आजोबा, तुम्ही घाला."

मीही हसले. "अगं, आजोबांना नाही येत ते. लेथवरची बोटं त्यांची."

बाबांनी हातातला टॉवेल बाजूला ठेवला. कंगवा घेतला आणि तो दातांत धरला. करंगळीच्या नखानं भांग पाडला, पुढून मागे, एका रेघेत. गुडघे जवळ आणून भिंगरीचे खांदे दोन्हीकडून धरले आणि भिंगरी गपकन थांबली. आजवर तिला असं कुणी थांबवलेलं नव्हतं. केसांचे तीन पेड झाले आणि बोटं चालायला लागली. बाबा केसांकडे बघतही नव्हते, त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. उजव्या बाजूचे केस त्यांनी कानामागून स्वच्छ ओढून घेतले. डाव्या बाजूला मात्र एक रुंद बट सैल सोडली, ती कानाच्या वरच्या टोकावरून खाली आणली आणि वेणी बरीच खाली गेल्यावर तिच्यात गुंतवली. रिबिनीचं फूल बांधलं. भिंगरीच्या डोक्यावर टिचकी मारली.

"हलू नकोस म्हटलं ना. घंटा होईल," ते म्हणाले. आवाज चेष्टेचा होता, लाडाचा. तो आवाज मी ओळखतच नव्हते.

"अहो, माझ्या कानाला रंग लागतोय," खुर्चीतली बाई म्हणाली. माझा ब्रश तिच्या कानावर टेकलेला होता.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे आमची पुढच्याच आठवड्यात खेप होती. मी कौतुकानंच सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "ढोबळ मानानं तीन मजले समजा. वरच्या मजल्यावर नावं, हिशेब, रीतभात, आणि काय बोलायचं नि काय गिळायचं त्याचा पहारा. मधल्यावर भीती, माया, राग, लाज. तळाला सवयी, हातापायांची कामं. खरा मेंदू इतका सरळ बांधलेला नसतो, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं, पण तुम्हाला घरी न्यायला इतकं पुरे. तुमच्या वडिलांचं वरून ढासळत चाललंय. हात शेवटपर्यंत टिकतील."

"पण त्यांना वेणी येतच नव्हती."

"हात आपल्या मनानं काही शोधून काढत नाहीत हो. एखादी गोष्ट शेकडो वेळा केल्याशिवाय तळापर्यंत उतरत नाही. कुणाच्या तरी केसांवर शिकलेत ते." औषधाचं नाव लिहिता लिहिता त्या हसत म्हणाल्या, "येत नाही असं ते सांगत असतील. सांगणं वरच्या मजल्यावरचं. खोटं बोलायलाही तोच मजला लागतो."

परतीच्या वाटेवर मी उत्तर शोधून काढलं. आई! आई जाण्याआधी अंथरुणाला खिळून होती. तिची वेणी बाबाच घालत असणार. आणि ती गेल्यावर माझे केस हातात घेतले तेव्हा तिची आठवण सहन झाली नसणार, म्हणून जमत नाही म्हणाले. मला इतकं भरून आलं की मी रस्त्यातच बाबांचा हात धरला. त्यांनी सभ्यपणे तो सोडवून घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट ऐकवली. बायका आरशातून माझ्याकडे बघत डोळे टिपायच्या. एक तर दोनदा केस धुऊन गेली.

भिंगरीची वेणी आता रोज आजोबांकडे. रोज तेच गुडघे, तीच टिचकी, तीच घंटा. आणि रोज ती बट. इथंच माझ्या धंद्यानं घात केला. मी दुसरं काही शिकलेली नसेन, पण डोकी ओळखते. कुणाचं टाळूवर विरळ असतं, कुणाच्या कपाळाशी भोवरा असतो, आणि ज्याचा हात त्या डोक्यावर रोज फिरतो तो हात त्या खोडीला वळण देऊन मोकळा होतो. बाबांची ती बट उगाच सोडलेली नव्हती, ती काहीतरी झाकत होती. भिंगरीचे कान दोन्ही सारखे. मी आईचा फोटो काढून बघितला. केस मागे घट्ट ओढलेले, दोन्ही कान उघडे, काहीही झाकायची गरज नसलेले. आणि अंथरुणावर पडलेल्या बाईला कुणी गुडघ्यांत धरत नाही. शाळेची घंटा होईल म्हणून तिला कुणी दटावत नाही.

म्हणजे ती वेणी आईची नव्हती. तरी मी स्वतःला समजावत होते. शेजारचं एखादं मूल असेल, कारखान्यातल्या कुणाचं असेल. मनाला समजवायचं म्हटलं की माणूस किती हुशार होतो!

आत्या दर रविवारी येते. त्या रविवारी गिऱ्हाइकं यायच्या आधीच भिंगरीनं तिला दुकानाचं दार उघडलं आणि नवी रिबीन दाखवायला तिथंच गर्रकन फिरली. मी मागेच उभी होते, म्हणून मला आत्या समोरून दिसली. तिची नजर वेणीवर गेली, तिथून डाव्या कानाकडे. आणि तिचा हात वर आला. तिनं स्वतःच्या डाव्या कानाचं वरचं टोक चिमटीत धरलं. मग एका क्षणात चेहरा नीटनेटका झाला, हात खाली गेला आणि तोंड बोलायला लागलं, "अगंबाई, किती छान! आईनं घातली वाटतं?"

"आजोबांनी!" भिंगरी म्हणाली.

मी भिंगरीला कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटं आणायला पिटाळलं. बाबा खुर्चीत घड्या घालत होते. मी आत्याला चहासुद्धा विचारला नाही.

"तुझा हात कानाकडे का गेला?"

"खाज आली."

"बरोब्बर डाव्याच?"

"आता कानाला खाज यायचीही चोरी झाली का या घरात?"

"आत्या, कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिचा डावा कान झाकावा लागतो ती."

आत्यानं बाबांकडे पाहिलं. लहानपणी मी दोघांना असं एकमेकांकडे बघताना पुष्कळदा पाहिलं होतं आणि मला ते भावाबहिणीचं प्रेम वाटायचं. "दादा," ती म्हणाली, "सांग की रे हिला काहीतरी."

बाबांनी मान वर केली. "बसा ना," ते म्हणाले. "नंबर येईल."

आत्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं, तुकड्यातुकड्यांत, नाक शिंकरत.

एक बाई होती, शिवणकाम करणारी. माझ्या आईच्या आधीपासून. बाबांना तिच्याशीच लग्न करायचं होतं, पण त्यांच्या वडिलांनी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही आणि माझ्या आईशी घाईनं लग्न लावून दिलं. तोवर तिला दिवस गेलेले होते. मुलगी झाली, माझ्याहून थोडीच मोठी. रांगत असताना तापलेल्या इस्त्रीवर पडली आणि डाव्या कानाचं टोक आक्रसून गेलं, त्याच्या वरच्या भागात केस उगवलेच नाहीत.

"तिची आई उजाडायच्या आत कामाला जायची," आत्या म्हणाली. "म्हणून तो कायम रात्रपाळी मागून घ्यायचा. सुटला की तिकडे. पोरीला उठवायचं, वेणी घालायची, शाळेच्या फाटकात सोडायचं आणि मग घरी."

रात्रपाळी! बाबा सकाळी उशिरा यायचे, मी शाळेत निघून गेल्यावर. मला सांगायचे, "रात्रभर चाललेली मशीनं पुसून ठेवावी लागतात बाळा, निगा राखायला नको?" ती मशीनं पुसणाऱ्या बाबांची मला फार दया यायची. मी स्वतःचं स्वतः आवरायचे, दूध पिऊन, दाराला कुलूप लावून, किल्ली शेजारीच राहणाऱ्या आत्याकडे देऊन शाळेत जायचे. केस आखूड असल्यामुळे कंगवा फिरवला की झालं.

"आईला माहीत होतं?"

"तिनं कधी विचारलं नाही."

"आणि आजीला?"

"तिला संशय होता. तुझी आई गेल्यावर महिनाभर इथं येऊन बसली होती डोळ्यांत तेल घालून. म्हणाली होती, दुसऱ्या बाईचा नुसता वास जरी आला तरी माझ्या नातीला घेऊन जाईन, पुन्हा तोंड दिसणार नाही."

पुढचा प्रश्न माझ्या तोंडून निघेना. मी आधी नळाखाली ओंजळ धरून पाणी प्याले. "मग माझी का नाही घातली?" मी विचारलं. "येत होती ना त्यांना? मग माझी वेणी का नाही घातली?"

आत्या गप्प बसली असती तर बरं झालं असतं.

"अगं, आजी समोर बसली होती ना तुझी," ती म्हणाली. "ज्या पुरुषानं घरात कधी कंगवा हातात धरला नाही, त्यानं झरझर वेणी घातली असती तर काय समजायचं ते ती समजली नसती का? मी त्याला नंतर म्हटलंसुद्धा, अरे, वेडीवाकडी घालायचीस मुद्दाम. तर म्हणाला, केस हातात आले की बोटं ऐकत नाहीत माझं. आपोआप चालायला लागतात. म्हणून मग कात्री."

बराच वेळ केस नुसते धरून ठेवले होते त्यांनी. मला ते आठवत होतं. आयुष्यभर मी त्या वेळाचा अर्थ दुःख असा लावला. ते स्वतःची बोटं आवरून धरत होते. समोर आजी, हातात माझे केस, आणि वरच्या मजल्यावरचा पहारेकरी विचार करत असणार की आता काय करावं. त्याला कात्री सुचली. केसानं गळा कापला असं आपण सहज म्हणतो. माझ्या बाबतीत तर तो महिन्याच्या महिन्याला, मापानं, लाडीगोडीनं कापला गेला.

"पण तुझ्यासाठीच ना गं," आत्या म्हणाली. "तुला गमवायचं नव्हतं त्याला. म्हणून तर त्यानं तिच्याशी नंतरही लग्न केलं नाही. तुझ्यासाठी..."

मी ब्रशांचा ट्रे आपटला. ब्रश चहूकडे गेले. बाबा दचकले आणि लगेच वाकून एकेक उचलायला लागले.

"तुझ्यासाठी म्हणू नकोस! यांचं डोकं आजारानं गेलं, तुझं तर शाबूत आहे ना? माझ्या लग्नात माझ्या गळ्यात पडून हेच वाक्य म्हणताना तुझी जीभ अडखळली नाही? किल्ली मी रोज तुझ्याच हातात देत होते. तुला माहीत होतं ते कुठे आहेत!"

"मी भावाला दिलेला शब्द पाळला," आत्या म्हणाली.

"आणि मी कोण होते?"

तेवढ्यात भिंगरी बिस्किटं घेऊन आली आणि आत्या डोळे पुसून तिच्याशी हसून बोलायला लागली. वरचा मजला किती लवकर कामाला लागतो ते मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढचे काही दिवस मी बाबांना हात लावला नाही. जेवण नवऱ्यानं भरवलं, अंघोळ त्यानं घातली. मी दुकानात उभी राहायचे आणि आरशातून कोपऱ्यातल्या त्या खुर्चीकडे बघायचे. भांडायचं तरी कुणाशी? ज्यानं मला फसवलं तो माणूस केव्हाच निघून गेला होता आणि त्याच्या जागी जो बसला होता तो टॉवेलांच्या घड्या घालत होता. माझं तोंड कडू पडलं होतं. चालून आलेली ती बाहेरगावची नोकरी, नवऱ्याचं गप्प बसणं, माझं "मी सोडून यायची नाही" हे मोठ्या दिमाखात म्हणणं, सगळं मला रोज नव्यानं आठवत होतं. भिंगरीची वेणी मी पुन्हा माझ्याकडे घेतली आणि ती रोज कुरकुरली की तू ओढतेस, आजोबा ओढत नाहीत.

शेवटी मी ठरवलं. ज्यांच्या घरी यांची सकाळ जायची त्यांनी आता संध्याकाळही सांभाळावी. आत्याकडून तिच्या त्या दुसऱ्या भाचीचा नंबर घेतला आणि फोन लावला. मी कोण ते सांगितलं.

"वडील खूप आजारी आहेत," मी म्हटलं. "माझे जितके तितकेच तुमचे. येऊन घेऊन जा."

"मी त्यांना कधी बाबा म्हटलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "काका म्हणायला शिकवलं होतं. बाहेर कुणी विचारलं तर शेजारचे काका म्हणून." मग म्हणाली, "येते."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ती आली. मी तिला पाण्याचं विचारणार नव्हते. पण ती दारात दिसली आणि माझ्या हातांनी पेला भरून पुढे केला, हातच ते. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, अंगानं भरलेली, पिकायला लागलेले दाट केस. वेणी. डाव्या कानावर रुंद बट, बरोब्बर तिथंच. एवढ्या वयात तिनं दुसरं काही करून पाहिलं नव्हतं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसा, नंबर येईल."

तिनं एकदा मान हलवली. रडली नाही. बुटकं स्टूल तिला माझ्या पायाशी दिसलं, तिनं ते उचललं, त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि कष्टानं त्यावर पाठ करून बसली. वेणी सोडली. बाबांचे गुडघे जवळ आले.

मी बाजूलाच उभी राहून बघत होते. कंगवा दातांत, करंगळीचं नख, तीन पेड. भिंगरीच्या डोक्यावर ते हात मला हुशार वाटले होते. या डोक्यावर ते घरी आले होते. बट कानावर आली तेव्हा अंगठा क्षणभर त्या आक्रसलेल्या टोकावर थांबला, दुखत नाही ना हे बघितल्यासारखा, आणि पुढे गेला.

"हलू नकोस. घंटा होईल."

"नाही हलत काका," ती म्हणाली.

माझ्या अंगाची लाही झाली. एवढी बाई, मला तिची दया यायला हवी होती, आणि माझ्या मनात एकच होतं की हिला उठवावं आणि ती वेणी तिथंच कापून टाकावी.

ती उठली, रिबीन चाचपली. "मला तुमचा फार हेवा वाटायचा," ती म्हणाली. "आमच्याकडे ते शाळेच्या वेळेपुरते असायचे. तुमच्याकडे जेवायला, झोपायला. तुमच्या आजारपणात आठवडाभर आले नाहीत तर मी वाटेकडे डोळे लावून बसायचे."

"तुमच्याबद्दल कुणाला कळू नये म्हणून माझे केस कापले त्यांनी," मी म्हटलं. "सात वर्षांची होते मी."

"मला हे ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला ठाऊक असायचं कारणच नाही."

ती माझ्या केसांकडे बघत राहिली. मग तिनं कोपऱ्यात मी भरून ठेवलेल्या बाबांच्या पिशवीकडे पाहिलं. "घर लहान आहे माझं," ती म्हणाली. "पण नेते. आजच नेऊ?"

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. तेवढ्यासाठीच तर मी तिला बोलावलं होतं.

"जरा थांबा," मी म्हटलं.

मी त्या स्टुलावर बसले. बाबांकडे पाठ केली. एवढंच बघायचं होतं की त्या तळाला माझं काही आहे की नाही. नसलं तर जाऊ देत त्यांना. मी डोळे मिटले. पोरीसारखी वाट बघत होते, त्याची लाज वाटत होती, तरी बघत होते.

गुडघे जवळ आले नाहीत. हात मात्र आले. डोक्यावरून खाली उतरले, मानेशी येऊन थांबले. केस तिथं संपत होते. बोटांनी इकडेतिकडे चाचपलं. मग डाव्या हाताची दोन बोटं माझ्या मानेवर आडवी टेकली, नेमकी त्या जुन्या मापावर, आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यांच्या कडेनं उघडायला आणि मिटायला लागली. हवेतच. कात्री नसताना.

वेणी घालताना ते हात जराही कापले नव्हते. आता कापत होते.

"झालं हं," बाबा म्हणाले. आवाज ओला होता, आणि का ते त्यांना ठाऊक नव्हतं. "झालं, झालं."

म्हणजे मी होते तिथं. तिची वेणी होती आणि माझी कात्री होती, दोन्ही शेकडो वेळा केलेली, दोन्ही तळापर्यंत उतरलेली. आत्यानं विचारलं तर ती उद्या शपथेवर सांगेल की माझ्याच भल्यासाठी केलं. आजी नाही, आई नाही. त्या सकाळी माझ्या बाबतीत काय झालं ते आता या जगात फक्त या दोन बोटांना माहीत होतं, आणि ती मला रडत रडत सांगत होती.

ती बाई पिशवी उचलून दाराशी उभी होती. "नेऊ ना?" तिनं पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही येत जा वेणीला. ते इथं राहतील."

"मग तुम्ही त्यांना माफ..."

"नाही," मी म्हटलं.

बाबांची बोटं अजून थांबली नव्हती. मानेवरून कडेकडेनं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, ती माझे नसलेले केस कापत होती. मी हलले नाही.